ओळ परत येईपर्यंत

त्याला सगळे फुगेवाला म्हणत. तो फुगे विकत नसे, फोडत असे. कुठल्याही रिकाम्या प्रार्थनाघरात पाऊल टाकलं की तो आधी खिशातून एक फुगा काढायचा, गाल फुगवून तो भरायचा आणि मधोमध उभा राहून टाचणीनं फोडायचा. मग डोळे मिटून गप्प. तो आवाज भिंतींवर आपटत, खांबांमागून घरंगळत, छताला लटकत कुठे कुठे जातो आणि किती वेळानं मरतो, ते तो ऐकत राहायचा. बोलावणारी मंडळी बिचारी कानांवर हात धरून एकमेकांकडे बघायची. एवढा नावाजलेला माणूस बोलावला, आणि हा तर वाढदिवसाला आल्यासारखा वागतोय!

त्याचा धंदाच होता प्रार्थनेच्या जागांचा आवाज ताळ्यावर आणायचा. घुमट बांधणारे घुमट बांधून जातात, फरशी घालणारे गुळगुळीत फरशी घालून जातात, आणि पहिल्या प्रार्थनेलाच कळतं की पुढे उभं राहून बोलणाऱ्याचा एक शब्द मागे धड पोचत नाही. मग मोठे स्पीकर आणतात, म्हणजे गोंगाट मोठा होतो. त्यानंतर फुगेवाल्याला फोन जातो. निरनिराळ्या धर्मांची, पंथांची माणसं त्याच्याकडे येत आणि सगळ्यांची मागणी एकच असे. शब्द शेवटच्या बाकापर्यंत पोचला पाहिजे, पण जागेचं घुमणं, तो भारदस्तपणा, तो मात्र जाता कामा नये.

“म्हणजे लग्न करायचंय, पण घरात माणूस वाढायला नको,” तो हसून म्हणायचा. मग समजावून सांगायचा की घुमणं आणि कळणं यांचं जन्माचं वाकडं. एक शब्द मरायच्या आत दुसरा त्याच्या अंगावर येऊन पडला, की दोघांचंही भजं होतं. त्यांच्यात समेट घडवून आणायचा, एवढंच आपलं काम.

असे पुष्कळ समेट त्यानं घडवले होते. फक्त एका जागी त्यानं कधी फुगा फोडला नव्हता. ते त्याच्या बाबांचं प्रार्थनाघर.

बाबा तिथले वाचक. पोटापाण्यासाठी जन्मभर रंगाच्या दुकानात डबे ढवळले. गिऱ्हाइकानं भिंतीचा पोपडा आणून दाखवावा आणि बाबांनी हुबेहूब तो रंग मिसळून द्यावा. पण त्यांची खरी ओळख पुढच्या उंच मेजामागची. त्यांना माईक लागत नसे. “माईक म्हणजे घसा नसलेल्यांची काठी,” असं ते मुलाच्या तोंडावर म्हणत, आणि त्याच मुलाला लोकांपुढे “आमचा फुगेवाला” म्हणून मिरवतही.

ती इमारत जुनी. कमानदार छत, दगडी भिंती, पायाखालीही दगड. मऊ म्हणावं असं तिथे काहीच नव्हतं, बसणाऱ्यांचे कपडे सोडले तर. तिथे वाचायची बाबांची एक रीत होती. एक ओळ म्हणायची आणि थांबायचं. ओळ छतापर्यंत जाते, मागच्या भिंतीला टेकून परत येते, हळूहळू विझते. मग दुसरी ओळ. त्या थांबण्यात एवढं वजन असे की तान्ही मुलंसुद्धा रडायची थांबत. फुगेवाला लहान असताना बाबांनी त्याला हे शिकवलं होतं. “ओळ बाहेर सोडली की तिला घरी परत येऊ द्यावं. ती यायच्या आत दार लावून घेऊ नये.” आवाजाचं त्याचं सगळं शिक्षण तिथून सुरू झालं. पुढची पुस्तकं, पुढची यंत्रं नंतर आली.

आणि आई शेवटच्या बाकावर. फुगेवाला तान्हा होता तेव्हा तो रडला तर पटकन बाहेर नेता यावं, म्हणून ती दाराजवळ बसली. तो मोठा झाला, त्याची मुलं झाली, पण आई काही तिथून हलली नाही. आता त्या बाकावर तिच्यासारख्याच गुडघे दुखणाऱ्या, दारापासून लांब जायला नको असणाऱ्या म्हाताऱ्यांची सभा भरे. अलीकडे आईचे कानही मंद झाले होते. कानात यंत्र होतं, पण त्या इमारतीत ते उलटंच वागे.

“हे यंत्र आवाज आणतं पोतं भरभरून,” ती एकदा स्वयंपाकघरात बसून मुलाला म्हणाली, “आणि त्यात शब्द शोधावा तर एक नाही. साऱ्या जगाच्या देवाधर्माच्या घरी शब्द पोचवतोस रे तू. माझ्याच बाकापर्यंत पोचवायला काय होतं तुला?”

“बाबा मला घराबाहेर काढतील.”

“काढू देत. दोन गल्ल्या पलीकडेच तर राहतोस.”

“आई, तुला सगळं तोंडपाठ आहे. तू मनातल्या मनात म्हणू शकतेस.”

आई म्हणाली, “पाठ असणं वेगळं, ऐकणं वेगळं. कान पुरते जायच्या आत मला एकदा त्यांचं तिथलं वाचणं नीट ऐकायचंय. शब्दन्‌शब्द.”

आईनं जन्मात त्याच्याकडे फारसं काही मागितलं नव्हतं. त्यानं काम हातात घेतलं.

प्रार्थनाघराच्या अध्यक्ष होत्या औषधांचं दुकान चालवणाऱ्या एक बाई. त्यांनी आनंदानं होकार दिला. शेवटच्या बाकावरच्या तक्रारी ऐकून त्या कंटाळल्या होत्या. प्रार्थनाघराच्या किल्ल्या सांभाळणारे किल्लीवाले काका शिडी धरायला आले. फुगेवाल्यानं लाकडी चौकटी करून घेतल्या, त्यांत लोकर भरली, वर भिंतीच्या रंगाचं कापड ताणलं. रंग बाबांनीच डोळा बारीक करून ठरवून दिला आणि वर टोमणाही मारला, “भिंतींना गाद्या बांधतोयस. आजारी माणसाला गुंडाळतात तशी गुंडाळ आता खोली.” त्या दिवसापासून त्या पॅनलांना सगळे गाद्याच म्हणू लागले. खांबांवर सडपातळ स्पीकर लागले. मागच्या स्पीकरमधून आवाज निमिषभर उशिरा सोडायची व्यवस्था केली, म्हणजे ऐकणाऱ्याला वाटावं की आवाज पुढून, थेट बाबांच्या तोंडूनच येतोय. सगळं झाल्यावर फुगेवाल्यानं पहिल्यांदाच त्या जागेत फुगा फोडला. फट्! आणि संपलं. काहीच परत आलं नाही.

“मेलं की रे लगेच,” किल्लीवाले काका म्हणाले.

“तसंच पाहिजे, काका.”

“तुला पाहिजे तसं असेल. मला तर कुणीतरी तोंडावर दार आपटल्यासारखं वाटलं.”

पहिल्या प्रार्थनेला घर गच्च भरलं होतं. फुगेवाला मागच्या भिंतीशी यंत्रांपुढे बसला होता. समोर दूरवर बाबा, आणि शेजारी हाताच्या अंतरावर आई. बाबांनी ग्रंथ उघडला. ते तो उघडत केवळ रीत म्हणून. नजर त्यावर कधीच नसे.

“उजेड असेल तोवर आम्हांला वाट दाखव.”

शब्द शेवटच्या बाकापर्यंत आला, तो कानाशी वाकून सांगितल्यासारखा. आईनं मान वर केली. शेजारच्या म्हातारीनं तिला कोपरानं ढोसलं. “आलं की गं ऐकू!” ती चांगली मोठ्यानं म्हणाली आणि पुढचे चार जण वळून हसले. फुगेवाल्याचा जीव भांड्यात पडला.

बाबा थांबले होते, नेहमीसारखे. ओळ परत यायची वाट बघत. ओळ आली नाही. त्यांनी मान थोडी कलती केली, जशी दारावर थाप पडली की नाही याची खात्री करताना आपण करतो. मग पुन्हा म्हणाले, “उजेड असेल तोवर आम्हांला वाट दाखव.” पुन्हा थांबले. पुन्हा तीच ओळ. पुढच्या बाकांवर कुणीतरी खाकरलं. बाबांनी ग्रंथाकडे पाहिलं. तो वाचायला लागणारा चष्मा त्यांच्याजवळ नव्हता, कधी लागलाच नव्हता. मग एकदम चौथी ओळ आली, अर्ध्यावर तुटली, आणि फिरून पहिली. त्या नव्या स्वच्छ शांततेत काहीच लपत नव्हतं. ओठांवरून फिरणारी जीभ ऐकू येत होती. कागदावर बोट घासल्याचं ऐकू येत होतं.

फुगेवाल्यानं आईकडे पाहिलं. तिनं कानातलं यंत्र काढून मुठीत धरलं होतं आणि ती मांडीकडे बघत बसली होती.

घरी जाताना बाबा म्हणाले, “त्या खोलीला काय झालंय रे? मी सांगतोय आणि ती ऐकूनच घेत नाही.”

फुगेवाल्याला त्या प्रश्नातच एक आधार सापडला. बरोबर आहे! बाबा जन्मभर पडसादाशी जोडीनं वाचत आले. पडसाद आला की पुढची ओळ, ही त्यांची चाल. आपण त्यांचा जोडीदारच काढून घेतला. जिना चढणाऱ्या माणसाची एक पायरी काढून घेतली तर तो अडखळणारच. यात त्यांचं काय चुकलं? चूक आपली. आणि चूक आपली असली म्हणजे ती दुरुस्त करता येते. हे त्याला इतकं पटलं की त्या चुकीला तो जवळजवळ कवटाळूनच बसला.

पण पुढच्या प्रार्थनांनाही तेच झालं. एकदा अध्यक्षबाईंनी त्याला दुकानात बोलावलं. गिऱ्हाइकाला खोकल्याचं औषध देऊन त्या काउंटरच्या या बाजूला आल्या.

“वाचकबाबांचं वय झालंय. मनाला लावून घेऊ नका.”

“वयाचा संबंध नाही, बाई. गाद्यांचा आहे. पडसाद गेला म्हणून ते गोंधळतात.”

“असेल. पण मागे पोरं हसतात हो. मला ते बघवत नाही. शाळेत शिकवणारी ती मुलगी आहे ना, तिचा आवाज चांगला आहे, तिला विचारलंय मी. आपण बाबांना काढत नाही आहोत, त्यांचं हसं होऊ नये म्हणून…”

“एकदा गाद्या उतरवून बघू द्या. एक दुपार. त्यांचं वाचन मी स्वच्छ रेकॉर्ड करतो आणि तुम्हांला ऐकवतो. एक शब्द इकडचा तिकडे निघाला तर मी पुन्हा तोंड उघडणार नाही.”

बाई हो म्हणाल्या. त्यांनाही बाबा हवेच होते.

किल्लीवाल्या काकांनी आणि त्यानं मिळून गाद्या उतरवल्या, भिंतीशी नीट रचून बाहेरच्या खोलीत ठेवल्या. स्पीकर बंद केले. फक्त एक बारीकसा माईक बाबांच्या सदऱ्याला, अगदी गळ्याशी लावला. खोली कितीही घुमली तरी ओठांवरचा शब्द त्यात जसाच्या तसा यावा म्हणून. बाबांनी नाक मुरडलं, पण लावू दिला. अध्यक्षबाई समितीतल्या दोघांना घेऊन मधल्या बाकावर बसल्या. आई आपल्या जागी. फुगेवाल्यानं हेडफोन हातात घेतले, कानाला लावले नाहीत. त्याला आधी खोली ऐकायची होती.

बाबांनी सुरुवात केली.

आणि सगळं परत आलं. ओळ वर गेली, कमानीखालून फिरली, भरून मोठी होऊन खाली उतरली. बाबा थांबले, पण या थांबण्यात शोधणं नव्हतं, तो जुना रुबाब होता. पडसाद विझायच्या नेमक्या टोकाला त्यांनी दुसरी ओळ उचलली. मग तिसरी. कुठे अडखळणं नाही, मागे फिरणं नाही. मधल्या बाकावर अध्यक्षबाई डोळे टिपत होत्या. फुगेवाल्याला वाटलं, धावत जाऊन बाबांना मिठी मारावी. जिंकलो आपण! आता पुरावा तपासावा म्हणून त्यानं हेडफोन कानांवर चढवले.

“…पांढऱ्यात निळा थेंबभर, थेंबभरच…”

त्याला आधी कळेचना. बाबा त्याच चालीत, त्याच संथ, भरदार सुरात म्हणत होते. थांबले. खोली घुमली. मग,

“दुधाचं पातेलं उतरव, उतू जाईल…”

थांबले. मान झुकवून पडसाद ऐकला. समाधान झालं.

“पोराला शाळेतून आणायचंय, आभाळ भरून आलंय…”

फुगेवाल्यानं हेडफोन काढले. बाहेर प्रार्थना चालली होती, अशी की दगडाला पाझर फुटावा. समितीतले दोघे ओठ हलवून मनातले शब्द त्या घुमणाऱ्या आवाजात भरत होते. लहानपणापासून पाठ असलेले शब्द, आणि ते आपणच भरतोय हे त्यांना ठाऊक नव्हतं. त्यानं पुन्हा हेडफोन लावले. दूध, आभाळ, निळा रंग. मधेच एखादी खरी ओळ यायची, ओळखीचं माणूस गर्दीत क्षणभर दिसावं तशी, आणि हरवून जायची.

वाचन संपलं तेव्हा बाई उठून मागे आल्या. “हेच ते! मी लहानपणी ऐकलेलं हेच. तुमचं खरं निघालं हो. राहू देत त्या गाद्या बाहेरच.”

“रेकॉर्डिंग…” तो म्हणाला.

“आता कशाला रेकॉर्डिंग? कानांनी ऐकलं की आम्ही!”

पुढून बाबा हात उंचावून ओरडले, “बरी झाली रे खोली!” आणि “खोली, खोली” असं छतातून खाली आलं.

त्यानं यंत्र बंद केलं.

संध्याकाळी बाबा आरामखुर्चीत डुलक्या घेत होते तेव्हा तो स्वयंपाकघरात आईसमोर जाऊन बसला. आईनं चहाचा कप त्याच्यापुढे सरकवला. तिला ऐकू जावं म्हणून त्याला मोठ्यानं बोलायला हवं होतं आणि मोठ्यानं बोलायची ती गोष्ट नव्हती. शेवटी तो तिच्या कानाशी वाकला.

“आई, ते प्रार्थना म्हणत नव्हते.”

“दूध?” आईनं विचारलं.

तो झटकन मागे सरला.

“दूध नाहीतर शाळा,” आई म्हणाली. “घरी तेच चालतं. सकाळी मला विचारतात, पोराला डबा दिलास का. मी म्हणते, दिला.”

“कधीपासून?”

“झाले बरेच दिवस. मीच तुला कळू देत नव्हते. तू आलास की तेही जरा सावरून बसतात.”

“मग तू मला ते काम कशाला सांगितलंस, आई? तू सांगितलंस म्हणून मी गाद्या लावल्या. नसत्या लावल्या तर कुणाला काही कळलं नसतं!” आवाज चढला हे त्याच्याच लक्षात आलं. आतल्या खोलीत खुर्ची करकरली आणि पुन्हा शांत झाली.

आईनं ओट्यावरचं फडकं उचललं, घडी घातली, पुन्हा उलगडलं.

“घरात ते चुकतात, हे मला माहीत होतं,” ती म्हणाली. “पण मला वाटायचं, तिथे, त्या मेजामागे उभे राहिले की सगळं बरोबर म्हणत असतील. आवाज तर तसाच यायचा ना, दमदार. म्हटलं, माणूस कुठेतरी तरी पुरता असेल. तेवढंच ऐकायचं होतं मला. एकदा ऐकलं असतं तर घरातलं मी कितीही सोसलं असतं.”

फुगेवाल्याला पहिल्या प्रार्थनेतली तिची मूठ आठवली. चहावर साय धरली.

“बाई म्हणतात, गाद्या नकोत,” तो शेवटी म्हणाला. “आपण गप्प बसलो तर बाबा वाचत राहतील. कुणाला पत्ताही लागणार नाही.”

“आणि माझ्या बाकावरच्या बायका? ती शेजारची, परवा पहिल्यांदा शब्द ऐकून पोरीसारखी हरखली होती. तिनं काय दूध-पातेलं ऐकत बसायचं जन्मभर, तेही न कळता?” आईनं मान हलवली. “लाव तू त्या परत. आणि बाईंना खरं काय ते सांग. लोक देवापुढे उभे असतात रे तिथे.”

“बाबांना काय सांगू?”

आईनं त्याचा थंड झालेला कप उचलला आणि चहा पुन्हा गरम करायला ठेवला.

दुसऱ्या दिवशी दुकानात त्यानं बाईंना हेडफोन दिले. थोडा वेळ ऐकून त्यांनी ते काढले, काउंटरवर अलगद ठेवले आणि गिऱ्हाईक नसतानाही बाटल्या सरळ करत राहिल्या. “मी रडले होते त्यावर,” त्या म्हणाल्या. मग आणखी एक बाटली सरळ करून, “खोटं नव्हतं हो ते रडणं.”

“माहीत आहे, बाई.”

“काय करायचं म्हणता?”

त्यानं रात्रभर विचार करून ठेवला होता. गाद्या भिंतीला कायमच्या ठोकायच्या नाहीत. बिजागऱ्यांवर बसवायच्या, खिडकीच्या झडपांसारख्या. मिटल्या की कापड बाहेर आणि खोली गप्प. उघडून बाजूच्या कोनाड्यांत दुमडल्या की दगड मोकळा आणि खोली बोलती. प्रार्थनेला झडपा मिटलेल्या, ती शाळेतली मुलगी वाचेल, शब्द शेवटच्या बाकापर्यंत जाईल. आणि आठवड्यातून एखाद्या दुपारी, जेव्हा तिथे कुणीच नसतं, तेव्हा झडपा उघडायच्या. बाई लगेच हो म्हणाल्या. “किल्ली तुमच्याकडेच ठेवा,” असंही म्हणाल्या.

बाबांना एवढंच सांगितलं की आता त्यांच्याकडे दुपारची प्रार्थना आहे. बाबांनी विचारलं, “माणसं कमी असतात का दुपारी?”

“कमीच असतात, बाबा.”

“असू देत. ऐकणारी असली म्हणजे झालं.”

मग त्या दुपारी सुरू झाल्या. फुगेवाला बाहेरगावी काम असलं तरी त्या दिवसापुरता परत येई. आधी जाऊन एकेक झडप उघडत असे. प्रत्येक झडपेसरशी त्याच्या पावलांचा आवाज थोडा लांबत जाई. मग आई-बाबा येत. बाबा मेजामागे, आई इतक्या साऱ्या रिकाम्या बाकांमागे आपल्या नेहमीच्या बाकावर. तो तिला म्हणाला होता, आता पुढे बैस की. ती म्हणाली, “पुढे बसले तर त्यांना चुकल्यासारखं होईल.” बसली की ती कानातलं यंत्र काढून ठेवी. मग तिच्यापर्यंत फक्त नाद पोचे, बाकाच्या लाकडातून, पायाखालच्या दगडातून. तिला तेवढा पुरे होता. हेडफोन तोही आणत नसे. तरी बाबांच्या जवळ उभं राहिलं की कळायचंच. ओळी एकेक करून गळत होत्या. पहिली सोडून आधी ग्रंथातल्या सगळ्या गेल्या, मग दूध गेलं, मग शाळा, मग निळा रंग. हिवाळा सरता सरता एकच पहिली ओळ उरली. बाबा ती म्हणत, थांबत, मान कलती करून ऐकत, आणि पुन्हा तीच म्हणत. त्यांच्या चेहऱ्यावर मात्र कसलाही त्रास नसे. बाहेर गेलेलं कुणी दर वेळी सुखरूप घरी येत असावं, तसे ते दिसत.

आणि एका दुपारी ते मेजामागे उभे राहिले, ग्रंथ उघडला, ओठ उघडले, आणि काहीच आलं नाही.

ते थांबले. मान कलती केली. ओळ आपण म्हटलीच आहे, आता ती परत येईल, अशी त्यांची समजूत झाली होती. ते वाट बघत राहिले. खोली गप्प. फुगेवाला झडपेपाशी उभा होता. खांबापलीकडून त्याला त्यांचे मेजाच्या कडेला धरलेले हात दिसत होते. पकड हळूहळू घट्ट होत गेली. बाबांनी छताकडे पाहिलं, मग मागच्या भिंतीकडे, मग मुलाकडे. जन्मभर त्यानं खोल्यांमधून आवाज काढला, घातला, वळवला. न म्हटलेली ओळ परत कशी आणायची ते त्याला येत नव्हतं.

तेवढ्यात मागे बाक करकरला. आई उठून उभी राहिली होती. तिला काही ऐकू आलं नव्हतं. कदाचित पायाखालचा दगड नेहमीसारखा हलला नाही, तेवढ्यावरून तिला समजलं असेल. तिनं पुढच्या बाकाची पाठ दोन्ही हातांनी धरली आणि ऐकू न येणारी माणसं बोलतात तशा सपाट, मोठ्या आवाजात म्हटलं,

“उजेड असेल तोवर वाट दाखव. अंधारलं की माझा हात धर.”

आवाज कमानीखालून गेला, भरत भरत पुढे पोचला, मेजाभोवती फिरला. बाबांचे हात सैल झाले. त्यांनी तो शेवटपर्यंत ऐकून घेतला. मग मुलाकडे वळून, गिऱ्हाइकाच्या पोपड्याशी रंग हुबेहूब जुळल्यावर डोलावत तशी मान डोलावली.

“बघ,” ते म्हणाले. “आली परत.”

त्यांनी ग्रंथ मिटला. त्यानंतर ते मेजामागे उभे राहिले नाहीत.

फुगेवाल्यानं त्यांना बाहेरच्या पायरीवर किल्लीवाल्या काकांजवळ बसवलं आणि झडपा मिटायला आत आला. आई अजून बाकापाशीच उभी होती. यंत्र तिनं पुन्हा कानात घातलं होतं. एकेक झडप मिटत गेली तशी त्याची पावलं तुटक होत गेली, आणि शेवटची मिटल्यावर तिचा श्वाससुद्धा त्याला जवळून ऐकू येऊ लागला.

“बरोबर म्हटलं ना मी?” आईनं विचारलं. “इतक्या वर्षांत मोठ्यानं कधी म्हटलंच नव्हतं.”

ग्रंथातल्या त्या ओळीत ‘माझा हात’ नव्हता. ‘आमचा हात’ होता.

“अगदी बरोबर,” तो म्हणाला, आणि दाराशी जाऊन तिच्यासाठी हात पुढे केला.